सुभेदारांनी एकही मडके न फोडता त्रिमुख मारिला, ती हकिकत

श्री.

कृष्णाकाठी पूर्वी थोर लढाया जाहल्या, त्यांत हत्ती पडले, घोडे पडले, माणसे तर कोणी मोजिलीही नाहीत, आणि त्या सर्वांच्या हकिकती शहाण्यांनी लिहोन ठेविल्या. परंतु ज्या लढाईत दुसरे कोणी न मरता एकटा सुभेदार एकेचाळीस वेळा मेला आणि दर वेळी उठोन चहा प्याला, ऐशी लढाई कोणी लिहिली नाही. ती लिहिणे आम्हांस प्राप्त जाहले. यात तिळाएवढे खोटे निघाल्यास ते ऐकणाराच्या कानाचे समजावे, सांगणाराच्या तोंडाचे नव्हे.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास. प्रांत सांगली, कसबे तासगाव येथे राजमान्य राजश्री मानसिंगराव सुभेदार, फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, चार एकर द्राक्षबागेचे धनी, एका बेदाणा शेडीचे मालक, सुखरूप नांदत होते. सुभेदार हा किताब कोणा भाटाने दिधला नव्हता, खऱ्या फौजेत अठ्ठावीस वर्षे चाकरी करोन मिळविला होता. आता ती अठ्ठावीस वर्षे कोणत्या रणात काढिली असे पुसाल, तर कोठारात. बूट, ब्लँकेट, मच्छरदाण्या आणि तूरडाळ यांचे रक्षणार्थ सुभेदार पहाडासारखे उभे राहिले. गनिमास जितके भ्याले नाहीत तितके मागणारास भ्याले. लौकिक असा की, बर्फातून आलेल्या शिपायाने मोजे मागितले असता सुभेदारांनी म्हणावे, "पहिले फाटले का? दाखव." आणि मग शिपायाने पाय उचलोन अंगठा दाखवावा, आणि मग पावतीवर सही करावी, तेव्हा मोजे बाहेर पडावे.

ईश्वराने जोडाही तोलामोलाचा घातला. त्यांचे कुटुंब रंगुबाईसाहेब यांचेही एक कोठार होते, ते म्हणजे फडताळावरचा पितळी झाकणाचा डबा. त्यात शेडीतला अव्वल प्रतीचा बेदाणा, हिरवा, लांब, टपोरा, तीन वर्षांमागे भरोन ठेविला, तो पाव्हण्यांकरिता. तीन वर्षांत पाव्हणे आले नाहीत ऐसे नव्हे. मेहुणे आले, पुण्याचे डॉक्टर आले, निवडणुकीस उभा राहिलेला एक इसमही हात जोडोन आला. परंतु बाईसाहेबांच्या नजरेस त्या डब्याच्या तोलाचा एकही न भरला. घरच्यांनी शेडीत उरलेला मोडका, काळपट, देठासकट बेदाणा खावा, हा दौलतीचा रिवाज.

ऐसे असता माघ मासी चिरंजीव विश्वजीत, फौजेत नाईक, महिन्याची सुट्टी घेऊन घरी आले, आणि त्यांच्या ट्रंकेतून कपड्यांआधी एक काळी पेटी निघाली. ती टीव्हीस जोडिली असता आत सात राज्ये दिसो लागली. तो खेळ कोणा विलायती कारागिराचा, त्याचे नाव उच्चारता सुभेदारांची कवळी हलत असे, सबब येथे लिहिले नाही. त्याचे भाग तीन. तिन्हींत कथा एकच: राजकन्या कोंडिली जाते, एक मेंढपाळ उठतो, सात राज्ये तुडवितो आणि काळ्या किल्ल्यातील त्रिमुख दैत्यास मारितो. एकच गोष्ट लोक तीन वेळा पैका मोजोन घेतात. मग आमच्या निवडणुकांसच नावे का ठेवावी, हे न कळे.

प्रथम दिवशी सुभेदारांनी हुकूम फर्माविला की, हे पोरखेळ वयात आलेल्या माणसाचे नव्हेत. दुसरे दिवशी पेपर आडवा धरोन वरून पाहिले. तिसरे दिवशी न राहवोन बोलिले, "आरं, त्याला मागनं घाल की. म्होरनं ढाल हाय त्येची, दिसत न्हाई का?" आणि पाचवे दिवशी रिमोट हाती घेतला, तो खाली ठेविला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विश्वजीत रांगत होते तेव्हा सुभेदार कोठारात होते, आणि सुभेदार पेन्शनीत आले तेव्हा विश्वजीत फौजेत गेले. एकोणतीस वर्षांत बापलेक एका छपराखाली राहिले ते सुट्ट्यांची बेरीज करिता दोन वर्षे भरत नाहीत. त्यात बोलणे काय, तर दाढी केली का, गाडी किती वाजता, पैसे आहेत का. आता एका सोफ्यावर दोघे, दिवसास चार घटका, आणि बोलावयास दैत्य मिळाला. मग सुभेदारांनी प्रतिज्ञा केली की, चिरंजीवांची सुट्टी सरण्याआधी त्रिमुख मारीन. सुट्टी सरणार फाल्गुन शुद्ध दशमी, रविवारी. दुपारी एकच्या एसटीने मिरज, तेथून आगगाडी, आणि तेथून पुढे बर्फातले ठाणे. पेटी विश्वजीताची, ती त्यांच्याबरोबरच जाणार. रविवार टळला की त्रिमुख बर्फात आणि सुभेदार तासगावात.

मग मोहीम निघाली. पहिल्या राज्यात चिकट हिरव्या गोळ्याची गाठ पडली. तो तलवारीने चिरिला असता एकाचे दोन होत, दोहोंचे चार, आणि चौघेही मेंढपाळाच्याच अंगावर येत. सुभेदारांनी त्याचे नाव भाऊबंद ठेविले. दुसऱ्या राज्यात ढालाईत शिपाई, ज्यास समोरून काही लागत नाही आणि पाठ मात्र उघडी, त्याचे नाव ऑडिटवाला. तिसऱ्यात एक जादूगार, दिसला दिसला म्हणेतो गुप्त होणारा आणि गुप्त होता होता अंधार पाडणारा, तो लाइनमन. चौथ्यात वटवाघळांची फौज. ती बागेत द्राक्षे टोचणाऱ्या पाखरांच्या जातीची मानोन सुभेदार सोफ्यावरूनच "हाऽऽ हाऽऽ" करीत आणि टाळ्या पिटीत, तेव्हा रिमोट मांडीवर पडोन मेंढपाळ उभा उभा मरे.

हत्यारे आणि सरंजामही पोटभर मिळाला. अंधारात धरावयाचा कंदील, दरीवरून उडावयाचे पिसांचे जोडे, भिंत पाडावयाचे बॉम्ब, आणि दोरास बांधिलेला लोखंडी आकडा. तो आकडा पाहताच सुभेदार म्हणाले, यात विलायती ते काय, हा तर विहिरीत पडलेली घागर काढावयाचा गळ. आणि तो मात्र घरच्यासारखा चालविला. बॉम्ब साठ जमा जाहले, त्यांतला एक न उडविता, जेथे भिंत पाडावी तेथे सुभेदार डोंगरास वळसा घालोन जात. परंतु सर्वांत मोलाची चीज म्हणजे लाल औषधाची बाटली. पडद्यावर वरच्या अंगास मेंढपाळाच्या जिवाचे सात बदाम असत; मरता मेंढपाळ ती प्याला की ते सातही पुन्हा लालबुंद भरत.

ही औषधे मिळावी कोठे, तर मडक्यांत. ऐशा खेळांचा शिरस्ता असा की, कोणाच्याही घरात जोड्यांसकट शिरावे, रामराम न करिता कोपऱ्यातील मडकी फोडावी, आतील माल घ्यावा आणि चालते व्हावे. घरधनी तेथेच उभा राहोन "आज हवा छान आहे" म्हणतो. विश्वजीताने बापास दाखवावयास पहिले मडके फोडिले. त्याचा आवाज टीव्हीतून खणकन निघाला, आणि त्या सरशी पिठाचे हात घेऊन रंगुबाईसाहेब दारात उभ्या राहिल्या.

"पोरगं हद्दीवर जायाचंय, आन् भरल्या घरात मडकी फोडताय व्हय?"

"आई, खेळातलं हाय ते," विश्वजीत म्हणाले.

"खेळातलं असू दे. आवाज घरातच येतोय न्हवं?"

या मुलखात मडके फुटते ते एकाच ठिकाणी, नदीकाठी, खांद्यावरून. त्या आवाजाची दुसरी ओळख येथे कोणास नाही. विश्वजीत हसले. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी तात्काळ फर्मान काढिले की, सातही राज्यांत कोणाचे मडके आमच्या हातून फुटणार नाही, आणि कोणाच्या घरी जाणे जाहले तर दाराशी थांबावे. जोडे काढावयाचे बटणही त्यांनी बहुत शोधिले, न सापडले.

परिणाम असा जाहला की, जेथे इतर वीर शंभर शंभर बाटल्या घेऊन काळ्या किल्ल्यात शिरतात, तेथे सुभेदार सात घेऊन शिरले. त्या सात रयतेने खुशीने दिधल्या होत्या. कोणाची हरवली शेळी आणून दिली, कोणाच्या विहिरीतला सर्प काढिला, त्याबद्दल. आणि कष्टाची चीज, त्यातही सातच, मग अठ्ठावीस वर्षांचा कोठारवाला जागा जाहला. त्रिमुखाचे उजवे तोंड आग ओकी, डावे बर्फ ओकी, मधले डोळा मिटोन असे; तो डोळा उघडला की त्यात तलवार घालावी, ऐसे नऊ वार बसले की दैत्य पडतो. सुभेदार दोन वार करीत, मग मरत. तीन करीत, मरत. आणि कमरेस सात भरल्या बाटल्या तशाच.

"आप्पा, प्या की एक," विश्वजीत म्हणत.

"वेळेला लागतील."

"आवं, ह्येच्या म्होरं कोन न्हाई. ह्यो शेवटचा हाय."

"शेवटच्याच्या म्होरं बी कोन तरी असतंय," सुभेदार म्हणत, आणि मरत.

ऐसे चार दिवसांत एकेचाळीस वेळा जाहले. मुलाने रिमोटास हात पुढे केला असता, कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देत नसतात, ऐसा जबाब मिळाला. अशात शनिवारी साताऱ्याहून मोबाइलवर खलिता आला. पाठविणार अमृतराव हवालदार, सुभेदारांचे पलटणीतले जोडीदार, हल्ली साताऱ्यास मुक्काम. त्यांचे घरी जावयाने हीच पेटी आणिली होती. खलित्यात आवाज भरोन असा मजकूर होता: "मानसिंगा, आमचा तिरमुख मंगळवारी पडला गड्या. तुजा अजून उभाच हाय का बसलाय? उद्या पोराला वाटं लावाय येतोय, तवा बघतो." ते ऐकोन सुभेदारांनी मोबाइल उपडा ठेविला आणि बेचाळिसावी चढाई रविवारावर नेमिली.

दशमीचा दिवस उगवला. दहाचे सुमारास अमृतरावांची स्वारी दाखल जाहली, हाती महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या. ट्रंक भरोन दाराशी लागली होती, तीत पेटीपुरती जागा मोकळी ठेविली होती. अमृतरावांनी टीव्हीकडे पाहिले, मेंढपाळाच्या कमरेच्या सात बाटल्या पाहिल्या, आणि पुसिले, "एवढ्याच? मडकी फोडली न्हाईस व्हय?"

"भरल्या घरात फोडत न्हाईत."

"मंग मर तसाच," ऐसे म्हणोन अमृतराव सोफ्यावर बसले.

तेसमयी रंगुबाईसाहेब स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि आज्ञा जाहली की, फडताळावरचा डबा काढावा. तीन वर्षांत न उघडलेला खजिना अमृतराव हवालदारांकरिता उघडणार, याचे कारण सुभेदार जाणत होते. विश्वजीताच्या बारशास सुभेदार कोठारात मच्छरदाण्या मोजीत अडकले, तेव्हा सुट्टीवरचा हाच गडी साताऱ्याहून येऊन पाळण्याशी उभा राहिला होता. बाईसाहेबांनी ते कधी बोलोन दाखविले नाही. आज डबा काढावयास सांगितला, तेवढ्यात सर्व बोलणे आले.

विश्वजीताने डबा उतरविला. झाकण गंजोन बसले होते, ते उलथन्याने उचकटिले. आत पाहिले तो हिरवा, लांब, टपोरा बेदाणा कोठेच नव्हता. काळा ढेकूळ जाहला होता, वर साखर धरली होती, आणि त्या साखरेत दौलतीचे नवे वतनदार वळवळत होते.

बाईसाहेब डब्यापाशी खाली बसल्या.

"दर सुट्टीला मागायचं पोरगं," त्या म्हणाल्या. "दर खेपंला म्हनलं, पावण्याला हाय."

"आई, मला मोडकाच आवडतोय," विश्वजीत म्हणाले.

"खोटं बोलू नगंस."

अमृतराव हे तोंडाचे तिखट, परंतु त्यांनी त्या वेळी थट्टा केली नाही. उठोन खिडकीतील थाळीतला मोडका बेदाणा मूठभर घेतला, देठासकट तोंडात टाकिला आणि म्हणाले, "वैनी, ह्योच खावा. इतका गोड साताऱ्यात मिळत न्हाई." ते साफ खोटे होते, तरी त्याची नोंद येथे इमानाने केली आहे.

सुभेदारांनी डब्याकडे पाहिले. मग टीव्हीकडे पाहिले, तेथे सात बाटल्या लालभडक लुकलुकत होत्या. खेळातील औषध नासत नाही, एवढाच काय तो फरक. मेंढपाळ मात्र एकेचाळीस वेळा नासला होता. घड्याळात साडेअकरा जाहले होते. मग सुभेदारांनी चष्मा पुसिला, रिमोट घेतला आणि फौजेतील अठ्ठावीस अधिक पेन्शनीतील नऊ वर्षांत जो हुकूम त्यांच्या तोंडून कोणी ऐकिला नव्हता तो दिधला: "कोठार उघडा."

मग जे रण माजले ते काय वर्णावे. उजव्या तोंडाने आग ओकिली, मेंढपाळ पाठीवर भाजला, सुभेदारांनी पहिली बाटली फोडिली, बदाम भरले, मधला डोळा उघडला, वार बसला. डाव्या तोंडाने बर्फ ओकिला, मेंढपाळ थिजला, दुसरी बाटली, मग दुसरा वार आणि तिसरा. विश्वजीत बाजूस बसोन हरकाऱ्याचे काम करीत, "आप्पा, डावीकडनं… आता वाका… आता!" आणि सुभेदार खरोखरच सोफ्यावर डावीकडे वाकत, त्यामुळे अमृतराव दोन वेळा चेपले गेले. तिसरी आणि चौथी बाटली पाठोपाठ गेली. गळ टाकोन सुभेदारांनी दैत्याचे शिंग धरिले आणि घागर ओढावी तसे मधले तोंड खाली ओढिले, ही युक्ती खेळ रचणारासही ठाऊक नसावी. सहा वार पुरे जाहले. बॉम्ब साठ होते, ते एकदम सोडिले, तेव्हा धुरात दैत्य दिसेना आणि मेंढपाळही दिसेना.

"अमृत, बर्फाच्या तोंडातनं तू कसा निसटलास रं?" सुभेदारांनी न वळता पुसिले.

अमृतरावांनी थाळीतला आणखी बेदाणा उचलिला. मग म्हणाले, "मला काय ठावं. तवा रिमोट जावयाच्या हातात व्हता."

"आन् आगीच्या येळंला?"

"तवा बी."

"मंग तुजं काय व्हतं?"

"मी चहा घेतला."

येणेप्रमाणे साताऱ्याची फत्ते रद्द जाहली. पाचवी बाटली, सातवा वार. सहावी बाटली, आठवा वार. आता दैत्य गुडघ्यावर आला, आणि मेंढपाळाचा एकच बदाम उरला, तोही अर्धा, तोही फडफडत. बाटली एक. घड्याळात बारा वाजोन दहा मिनिटे.

"आप्पा, प्या."

"पी की मर्दा, का पुन्हा कंजूसपना?" अमृतराव उभे राहोन म्हणाले.

"आवं, प्या वो," रंगुबाईसाहेबही डबा सोडोन आल्या. "नासंल न्हाई तर."

सुभेदारांनी ऐकिले नाही. अर्ध्या बदामावर मेंढपाळास उभा ठेविला, आग डोक्यावरून जाऊ दिधली, बर्फ पायाखालून जाऊ दिधला, श्वास धरिला, आणि मधला डोळा पुरता उघडताच नववा वार घातला. त्रिमुख तिन्ही तोंडांनी ओरडला आणि पडला. काळा किल्ला ढासळला. राजकन्या बाहेर आली आणि एक वाक्य आभाराचे बोलोन गेली. तिच्याकरिता सात राज्ये तुडविली, तिने पाणीही न पुसिले, हेही लिहोन ठेविणे रास्त. अमृतरावांनी सुभेदारांच्या पाठीत असा धपका मारिला की कवळी हातात आली.

मग वेळ थोडा उरला. विश्वजीत पेटी बंद करावयास बसले, तो त्यांची नजर मेंढपाळाच्या कमरेवर गेली. तेथे एक बाटली तशीच लाल लटकत होती. दैत्य मेला तरी मेंढपाळाची झोळी पेटीत जशीच्या तशी राहते, पेटी जाईल तेथे जाते.

"आप्पा, आता तर कोन उरलं न्हाई. ही एक कशाला राखली?"

सुभेदार टीव्हीची वायर गुंडाळीत होते. ती त्यांनी कोठारी पद्धतीने गुंडाळिली, गाठ मारिली, पेटीशेजारी ट्रंकेत ठेविली, आणि झाकण लावितेवेळी म्हणाले, "वर थंडी असती. तुला लागंल."

विश्वजीत पाया पडले. बाईसाहेबांनी त्यांच्या खिशात शेडीतला त्या साली नुकता सुकलेला अव्वल बेदाणा, पाव्हण्याची वाट न पाहता, दोन मुठी कोंबिला. एकची एसटी दहा मिनिटे उशिरा आली, त्यामुळे एसटीस उभ्या तासगावात प्रथमच कोणी शिव्या दिधल्या नाहीत.

सदरहू मोहिमेत त्रिमुख दैत्य फाल्गुन शुद्ध दशमी, रविवारी, बारा वाजोन चौदा मिनिटांनी पडला, आणि फत्ते सुभेदार मानसिंगराव तासगावकर यांची जाहली. सात राज्यांत सुभेदारांच्या हातून मडके एकही फुटले नाही. औषधाच्या सहा बाटल्या खर्ची पडल्या. सातवी चिरंजीवांस दिधली, ती पावतीशिवाय. आणि पहिली संपली का, दाखव, ऐसे सुभेदारांनी पुसिले नाही.